अनुभव धागा: कॉलेजची व्याख्यानमाला, तुमच्या आठवणी

ओंजळ
परवा लेकीचा फोन आला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूरला. "आई, आमच्या व्याख्यानमालेला लेखक येणारेत, त्यांना स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडं दिलंय. रिक्षात त्यांच्याशी बोलायचं काय?" म्हटलं, बाई, तू काही ठरवून बोलू नकोस, ते विचारतील ते सांग. फोन ठेवला आणि मला १९९६ चा जानेवारी आठवला. ओट्याशी उभी होते ती तशीच उभी राहिले.

आमचं कॉलेज सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. दर जानेवारीत तीन दिवस व्याख्यानमाला. मैदानात मांडव, सगळ्या गावाला मोकळं. ऊसतोडीचे दिवस, तरी माणसं हातपाय धुऊन, टोपी बदलून यायची. मी एस.वाय.ला होते, वाङ्मय मंडळाची सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एक लेखिका होत्या. त्या आता नाहीत, नाव लिहीत नाही. जीप आदल्या दिवशीच्या पाहुण्यांना सोडायला मिरजेला गेलेली, म्हणून सकाळी सातला मी आणि माझी मैत्रीण एस.टी. स्टँडवर. गाडी दीड तास उशिरा. सुती साडी, खांद्याला शबनम, हातात कापडात बांधलेला स्टीलचा डबा. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाल्या, "किती लांब आहे? चालू या, रात्रभर बसून पाय आखडलेत."

कॉलेजच्या वाटेवर ऊस तुटून गेलेलं एक रान होतं, पाणी पाजून ठेवलेलं. ट्रॅक्टर उभा, दोघं बांधावर बसलेले. त्यांनी विचारलं, "हे का थांबलेत?" मी सहज म्हटलं, "वापसा यायचाय अजून." त्या थांबल्याच. "काय यायचाय?"

मला कळेना यात विचारण्यासारखं काय आहे. मग खाली बसून मूठभर माती उचलून दाखवली. पाणी दिल्यावर लगेच नांगर घातला तर चिखल होतो, फार थांबलं तर ढेकळं निघतात. मधली ओल म्हणजे वापसा. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे. त्यांनी साडी सावरत स्वतः मूठ भरली, दाबली, टाकली. लाडू चपटा होऊन बसला. "नाही आला अजून," म्हणाल्या, अगदी आमच्या घरातल्या बाईसारखं. मग शबनममधून छोटी वही काढून त्याच मातीच्या हातानं शब्द लिहून घेतला. वहीच्या पानावर अंगठा उठलेला मला अजून दिसतो.

संध्याकाळी मांडव भरला होता. भाषण अर्ध्यात आल्यावर त्या म्हणाल्या, "आज सकाळी तुमच्या गावच्या एका मुलीनं मला एक शब्द दिला. तीस वर्षं लिहितेय, मला तो माहीत नव्हता." आणि वापसा सांगितला. समोर सगळी शेतकरी माणसं. मांडवभर "हां" असा हुंकार उठला. माझे वडील मागं खांबाला टेकून उभे होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तू सांगितलास व्हय?" आणि जेवताना विचारलं, पुढं एम.ए. करायचंय का. तोपर्यंत माझ्या लग्नाचंच बोलणं चाललं होतं घरात.

भाषणातलं बाकी एक वाक्य आठवत नाही. तुम्हाला काय आठवतं ते लिहा. वक्ता नामवंतच पाहिजे असं काही नाही.

पाऊसवेडी
किती सुंदर लिहिलंस ग. वडिलांचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं. माझंही आहे सांगण्यासारखं, कुकर लावलाय, नंतर येते.

चिंचबन
आमच्याकडे वाफसा म्हणतात, वापसा नाही. नाशिककडचा आहे मी. बाकी लाडवाची परीक्षा तीच. द्राक्षबागेतसुद्धा वाफसा बघितल्याशिवाय पुढचं पाणी सोडत नाहीत.

रानपाखरू
+१ वाफसा

निवृत्त मास्तर
या विषयावर लिहायला बसलो तर थांबणार नाही, तरी प्रयत्न करतो.

माझं शिक्षण फलटणला, मुधोजी कॉलेजात. प्राचार्य शिवाजीराव भोसले. आम्हाला व्याख्यानमालेची वाट पाहायची गरजच नव्हती, प्राचार्यच व्याख्यान होते. हातात कागद नाही. पहिल्या वाक्याला आवाज इतका खाली की मागच्या बाकावरचा माणूस आपसूक पुढे झुके. मग ओघ सुरू होई. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण आमच्या गावात शेवटपर्यंत ते 'प्राचार्य'च.

नोकरीमुळे महाराष्ट्रभर फिरलो तेव्हा एक लक्षात आलं. त्या काळातले मोठे वक्ते बघा: फलटणला भोसले, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर, वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात राम शेवाळकर. तिघेही प्राचार्य. तिघेही मुंबई-पुण्याबाहेरच्या कॉलेजांत. वणीच्या किंवा नांदेडच्या पोराला विचार ऐकायला रेल्वेत बसावं लागत नव्हतं, तो माणूस त्याच्या कॉलेजच्या व्हरांड्यात भेटायचा. आणि ही माणसं सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं दुसऱ्याच्या कॉलेजात बोलायला जायची. गावोगावच्या व्याख्यानमाला अशा माणसांच्या पायपिटीवर उभ्या राहिल्या, हे मला फार मनापासून वाटतं.

कुरुंदकर गेले तेही १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला, कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच. पन्नाशीही गाठली नव्हती. बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. पुढचा तास कुणी घेतला नाही.

गोदाकाठ
सर, मी नांदेडची. मामा पीपल्स कॉलेजचे विद्यार्थी. ते म्हणायचे कुरुंदकर गुरुजी वर्गात जितकं शिकवायचे त्याच्या दुप्पट कट्ट्यावर शिकवायचे, आणि त्यांच्याशी भांडायला पूर्ण परवानगी होती. मामांनी त्यांचा एक मुद्दा आयुष्यभर मान्य केला नाही आणि फोटो मात्र देवघराशेजारी.

निवृत्त मास्तर
गोदाकाठ, मामांना माझा नमस्कार सांगा.

गोदाकाठ
मामा २०१९ ला गेले सर. पण मामीला सांगते, तिला बरं वाटेल.

साधीसुधी
मी व्याख्यानं ऐकली ती गच्चीवरून.

घरचं वळण कडक. व्याख्यान संपायला रात्रीचे नऊ वाजायचे, मुलींनी तिकडे जायचं नाही. कॉलेज घरापासून दोन गल्ल्या सोडून. मैदानात गर्दी मावायची नाही म्हणून बाहेर झाडाला कर्णा बांधायचे, त्याचं तोंड आमच्या बाजूला. वाळवण काढायला जाते म्हणून मी संध्याकाळी वर जायची आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायची. वारा आमच्याकडचा असला की शब्द न शब्द, उलटा असला की नुसत्या टाळ्या. हायवेवरून ट्रक गेला की एक वाक्य गेलंच. मी ती गेलेली वाक्यं मनानं भरायची. दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणींना विचारायची, "ते ट्रकच्या वेळी काय म्हणाले?" त्यांना कळायचंच नाही मी कुठल्या ट्रकबद्दल बोलतेय.

तिसऱ्या वर्षी आजी वर आली. मला वाटलं आता संपलं. तर ती सुपात लसूण घेऊन आली होती. शेजारी बसली आणि सोलायला लागली. "कोण बोलतंय?" विचारलं. नाव सांगितलं. "बरं बोलतंय," म्हणाली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघी ऐकायचो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. संत साहित्यावर बोलणारे एक जण होते, त्यांनी अभंग अर्धा सोडला की आजी इकडे पुरा करायची.

त्या वक्त्यांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही.

ओंजळ
साधीसुधी, काय लिहिलंयस बाई. आजी लसूण सोलताना मला दिसली.

पाऊसवेडी
😢❤️ कुकर झाला पण आता माझं काही लिहायला नको असं वाटतंय, हे एवढं सुरेख आहे.

साधीसुधी
अग लिही ग. मुलगा झोपलाय म्हणून एवढं टाइप करता आलं, नाहीतर मीही वाचूनच पळते.

सतरंजीवाला
आमच्या बॅचला हे नाव पडलेलं, तेच इथं घेतो. एन.एस.एस.ची पोरं आम्ही. सतरंज्या घालणं, खुर्च्या मोजून आणणं, समईला वारा लागू नये म्हणून पुठ्ठा धरून उभं राहणं. दीपप्रज्वलनाला काडेपेटी सापडत नाही हा प्रकार दर वर्षी ठरलेला.

लोडशेडिंगच्या काळातली गोष्ट आहे. कवी बोलत होते, लाइट गेली, माईक बंद. आमचे सर उठले, जनरेटरवाल्याकडे माणूस पिटाळला. कवी म्हणाले, राहू द्या. खुर्ची उचलली आणि व्यासपीठावरून खाली, सतरंजीच्या कडेला येऊन बसले. लोक सरकत सरकत त्यांच्याभोवती आले. समोरच्या अंडाबुर्जीच्या गाड्यावाल्यानं आपली गॅसबत्ती आणून ठेवली आणि स्वतः तिथंच उभा राहिला, धंद्याची वेळ असून. पाऊण तास नुसत्या आवाजात कविता. लाइट आली तेव्हा कुणीतरी ओरडलं "बंद करा!" आणि बंद केली सुद्धा.

शेवटी आभार मानायला मी होतो. यादीत बँक, पतसंस्था, मंडपवाले सगळे होते. गाडीवाल्याचं नाव मला माहीत नव्हतं, मी "बत्ती देणारे दादा" म्हटलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.

कट्टेकरी
अंडाबुर्जी म्हटलं आणि भूक लागली राव. रात्रीचे साडेअकरा वाजलेत.

चिंचबन
आमच्या कॉलेजच्या गेटवर मिसळ असायची. वक्ते कुणीही असोत, भाषणानंतर मिसळ खाल्ल्याशिवाय गाव सोडायचे नाहीत.

रानपाखरू
नाशिकची मिसळ हा वेगळा धागा काढा 😀

खडूफळा
मी दुसऱ्या बाजूचा. पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो, अकरा वर्षं व्याख्यानमालेची जबाबदारी माझ्याकडे. आपल्याला ऐकणाऱ्याला दिसत नाही ते थोडं सांगतो.

विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ असतं, म्हणजे शिक्षण वर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत नेणारा विभाग. पहिले कुलगुरू बॅ. जयकरांच्या नावानं त्यांची व्याख्यानमाला कॉलेजांतून चालते. मंडळाकडून वक्ते आणि विषय यांची यादी यायची, त्यातून आम्ही निवडायचो. जे अनुदान मिळायचं त्यात मांडवाचं भाडंसुद्धा सुटायचं नाही. मग मी आणि शिपाईमामा बाजारपेठेत फिरायचो. भांडीवाले, कृषी केंद्रवाले, डॉक्टर. कुणी पन्नास द्यायचं, कुणी "बसायला खुर्च्या देतो" म्हणायचं. हस्तपत्रिका छापून पेपरवाल्या पोरांकडून घरोघरी टाकायच्या. चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं मी स्वतः लिहायचो, वक्त्याच्या नावात चूक होऊ नये म्हणून.

मानधनाचं पाकीट द्यायची वेळ मला सगळ्यात अवघड जायची. रक्कम इतकी कमी. एका ज्येष्ठ लेखकांनी पाकीट घेतलं, प्रवासखर्चापुरते पैसे काढले, उरलेले माझ्या खिशात कोंबले आणि म्हणाले, "ग्रंथालयात कोश नाही तुमच्या, दुपारी बघितलं मी." दुपारी पाहुणे झोपलेत असं आम्ही समजत होतो, ते ग्रंथालयात होते! त्या पैशात थोडी भर घालून कोशाचे दोन खंड आले. आतल्या पानावर मी तारीख घातली होती.

एक वर्ष मात्र फार वाईट गेलं. त्याच संध्याकाळी क्रिकेटची फायनल. शंभर खुर्च्या, माणसं नऊ. त्यात चार आम्हीच. वक्ता तरुण होता, पहिलीच कादंबरी आलेली. मला त्याच्याकडे बघवेना. तो दीड तास बोलला, पूर्ण तयारीनं, शंभर माणसं असल्यासारखा. शिपाईमामा पहिल्या रांगेत येऊन बसले. एरवी ते दाराशीच असायचे. मी विचारलं तर म्हणाले, "सर, रिकामी रांग बरी दिसत नव्हती."

आता निवृत्त आहे. व्याख्यानं अजून होतात, पण सकाळी तासांच्या वेळात, हजेरी घेऊन. गावातली माणसं सकाळी कशी येणार? संध्याकाळ परत आणा एवढंच माझं सगळ्या कॉलेजांना कळकळीचं सांगणं आहे.

निवृत्त मास्तर
खडूफळा, शेवटच्या ओळीशी शंभर टक्के सहमत. व्याख्यानमाला गावाची असते, कॉलेज फक्त यजमान.

सतरंजीवाला
शिपाईमामांना दंडवत.

पेठेतली
कॉलेजचं नाही, चालेल का? आजोबा पुण्यात वसंत व्याख्यानमालेला एकही दिवस चुकवायचे नाहीत. १८७५ पासूनची आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो की मलाही बोट धरून टिळक स्मारकला न्यायचे. मला तेव्हा त्यातलं काहीही कळायचं नाही, मी पंखे मोजायची. येताना उसाचा रस. पण मोठी माणसं दोन तास एका माणसाचं गप्प बसून ऐकतात हे मी सहाव्या वर्षी पाहिलं.

आणि आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची, दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं कुणाला आठवतात? शाळेतल्या मुलांसाठी असायची. जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागितली की सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. माझ्या भावानं पाठवला होता. आलं उत्तर! आईनं ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय, दागिन्यांच्या डब्याखाली.

रानपाखरू
प्रश्न काय विचारला होता भावानं?

पेठेतली
थांबा, विचारते. तो झोपला असेल.

मांडवीतीर
गोव्यातून. पणजीला कला अकादमीत गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावानं विचार महोत्सव भरतो, कोसंबी आमच्या गोव्याचेच ना, कोसबेंचे. कॉलेजात असताना सरांनी आम्हाला बसमध्ये घालून नेलं होतं. भाषण इंग्रजीत, शेजारच्या आजोबांची कुजबुज कोकणीत, मी वहीत उतरवतेय मराठीत. बाहेर आल्यावर मांडवीच्या काठाला उभं राहून सगळी मुलं वाद घालत होती, बस सुटायची वेळ झाली तरी. ड्रायव्हरमामांनी दोनदा हॉर्न दिला आणि मग तेच उतरून ऐकायला आले.

वापसा शब्द आमच्याकडे नाही. भाताची लावणीच चिखलात, ओल कमी व्हायची वाट कोण बघणार :)

मोगरा
बाबा गेल्या मार्चमध्ये गेले. त्यांचं कपाट आवरताना सात डायऱ्या सापडल्या. गावच्या कॉलेजच्या व्याख्यानमालेची प्रत्येक संध्याकाळ लिहिलेली. तारीख, वक्ता, विषय, मुद्दे एक-दोन-तीन करून, आणि खाली एक ओळ स्वतःची. "पटले नाही, पण विचार करावा लागेल." "आवाज बसला होता, तरी उत्तम." "चि. मोगरा सोबत आली होती, झोपली." बाबा एस.टी.त कंडक्टर होते, दुपारची ड्यूटी बदलून घ्यायचे या तीन दिवसांसाठी. हे मला डायरीतूनच कळलं.

मला माझं झोपणं आठवत नाही. त्यांच्या खांद्यावरून घरी येताना रस्त्यावरचे दिवे मागे मागे जाताना दिसायचे ते आठवतं.

ओंजळ
मोगरा, काय बोलू. जपून ठेव त्या डायऱ्या.

खडूफळा
मोगरा, शक्य असेल तर पानांचे फोटो काढून कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या. आम्ही आयोजकांनीसुद्धा कधी एवढी नीट नोंद ठेवली नाही. तुमच्या वडिलांनी गावाचा इतिहास लिहिलाय.

मोगरा
देते सर. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं.

दूरदेशी
हे सगळं न्यू जर्सीत सकाळच्या ट्रेनमध्ये वाचतोय. स्टेशन गेलं माझं.

पाऊसवेडी
आता मी. छोटंसंच आहे. मी भाषणानंतर प्रश्न विचारायला उभी राहिले, माईक हातात आला आणि प्रश्न विसरले. सगळा हॉल शांत. लेखिका म्हणाल्या, "बस, आठवला की लिहून पाठव," आणि स्वतःचा पत्ता सांगितला, सगळ्यांसमोर. मी दोन महिन्यांनी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर चार पानी. त्यानंतर सतरा वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. वर्गात हजेरीलासुद्धा "यस सर" पुटपुटणारी मुलगी मी.

कट्टेकरी
ते मूळ प्रश्न आठवला का पण शेवटी??

पाऊसवेडी
हो! त्यांच्या कथेतली बाई शेवटी माहेरी का गेली नाही हे विचारायचं होतं. त्यांनी लिहिलं, माहेरच उरलं नव्हतं तिला, ते कथेत यायला हवं होतं, राहिलं माझ्याकडून.

पेठेतली
भाऊ उठला. प्रश्न होता: चंद्र आपल्याबरोबर का चालतो?

रानपाखरू
आई ग ❤️

ओंजळ
सगळ्यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. लेकीची बातमी सांगते. गाडी वेळेवर आली. पाहुण्यांचा घसा बसलेला, रिक्षात बोलवेनाच त्यांना. मग हिनंच वाटेत चहाच्या टपरीवरून स्वतःच्या बाटलीत गरम पाणी भरून घेतलं. संध्याकाळी व्यासपीठावर काचेचा ग्लास बाजूला आणि हिची गुलाबी बाटली पुढ्यात, स्टिकर लावलेली. पाणी पीत पीत तासभर बोलले. मला फोटो पाठवलाय. विचारते, "आई, बाटली त्यांच्याबरोबरच गेली, परत मागू का?"

साधीसुधी
राहू दे म्हणावं त्यांच्याकडेच.

चिंचबन
आईला विचारलं, वाफसाच म्हणते ती. आणि तिला धागा वाचून दाखवला तर तिनं एकच विचारलं, त्या बाईंच्या स्टीलच्या डब्यात काय होतं?

ओंजळ
थालीपीठ आणि लसणाची चटणी. स्टँडच्या बाकावरच उघडला होता, आम्हा दोघींना अर्धं अर्धं दिलं.